साठीनंतर ब्रेल शिकता येतं का? अनुभव आणि माहिती हवी आहे

निरंजना

माझे मामा ६२ वर्षांचे आहेत. काचबिंदूमुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. उजव्या डोळ्याला खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. आयुष्यभर वाचत आलेला माणूस. दिवाळी अंक घरात आले की पहिला मान त्यांचा. आता मोबाईल बोलतो, ऐकायची पुस्तकं आहेत, मामी रोज पेपर वाचून दाखवते. तरीही त्यांनी ब्रेल शिकायचं मनावर घेतलं आहे. "दुसऱ्याच्या आवाजात वाचायचा कंटाळा आला," एवढंच कारण ते सांगतात.

घरात दोन तट पडलेत. मामेभाऊ म्हणतो, सगळं ऐकता येतं तर या वयात बोटांना कशाला शिणवायचं? ओळखीच्या एका डॉक्टरांनीही सांगितलं की ब्रेल लहानपणीच शिकावं लागतं, साठीत मेंदू नवीन काही घेत नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. पण मामांना नुसता धीर देऊन उपयोग नाही, खरं काय ते कळायला हवं.

तर, पन्नाशी-साठीनंतर ब्रेल शिकलेलं कोणी तुमच्या पाहण्यात आहे का? आणि अनुभवाने मेंदू बदलतो म्हणतात, तो कुठल्या वयापर्यंत आणि किती?

मुळशीकर

वाचतोय. जागा धरून ठेवतो.

तंतुवाद्य

चांगला धागा. माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या डॉक्टरांचं म्हणणं एके काळी सर्वमान्य होतं. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाला १९०६ चं नोबेल मिळालं. मज्जापेशींची त्याने काढलेली चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत असतात. प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, ते बदलत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं आणि त्याच्या नावाच्या वजनामुळे ते कित्येक दशकं टिकलं. नंतर ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे शिवून ठेवला. पुढे डोळा उघडला तरी त्या डोळ्याची दृष्टी नीट येईना, कारण मेंदूतली त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असं काही होत नव्हतं. त्यातून लहानपणीच्या ठरावीक काळाची कल्पना पक्की झाली. त्यांनाही १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

पण १९८० च्या दशकात मर्झेनिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाढ पूर्ण झालेल्या माकडांचा अभ्यास केला. एक बोट काढून टाकलं, तर मेंदूच्या नकाशात, म्हणजे कुठल्या बोटाचा स्पर्श मेंदूत कुठे पोचतो त्या मांडणीत, त्या बोटाची जागा शेजारच्या बोटांनी व्यापली. म्हणजे मोठेपणीही नकाशा हलतो.

आता ब्रेल. १९९६ मध्ये सदातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणापासून अंध असलेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा मेंदूचा मागचा, पाहण्याचा भाग कामाला लागतो. गावात एखादं घर बंद पडलं की शेजारी त्याच्या अंगणात वाळवणं घालायला लागतात, तसं काहीसं. डोळ्यांकडून काही येत नाही, मग स्पर्श आणि भाषा ती जागा वापरतात.

हेमांगी क.

@तंतुवाद्य, लिहिलंय छान, पण एक शंका. स्कॅनमध्ये एखादा भाग उजळला म्हणजे तो भाग ते काम करतोच असं कुठे सिद्ध होतं? सोबत सहज पेटला असेल. रंगीत चित्रं दाखवून फार मोठे दावे केले जातात, म्हणून विचारते.

तंतुवाद्य

@हेमांगी, शंका अगदी रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती आली होती. म्हणून १९९७ मध्ये डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन तो मागचा भाग क्षणभर विस्कळीत करून पाहिला. लहानपणापासून अंध असलेल्यांची ब्रेल वाचताना चूक व्हायला लागली. डोळसांना उठावाची छापील अक्षरं बोटाने ओळखायला दिली, तर त्याच झटक्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

त्याहून बोलका पुरावा एका जन्मांध बाईंचा आहे. त्या ब्रेलमध्ये अतिशय तरबेज होत्या. साठी ओलांडल्यावर मेंदूच्या मागच्या दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा थांबून झटका आला. त्यांना पानावरचे ठिपके जाणवत होते, वस्तू हाताने ओळखता येत होत्या, पण ब्रेल वाचता येईना. ज्या भागाने त्यांनी कधी काही पाहिलंच नव्हतं, तो गेला आणि वाचन गेलं. २००० साली ही नोंद प्रसिद्ध झाली.

निरंजना यांच्या प्रश्नाशी थेट जोडलेली गोष्ट अशी, की साधारण १४ ते १६ वर्षांनंतर दृष्टी गेलेल्यांमध्ये पाहण्याच्या मूळ भागाचा असा वापर फार कमी दिसतो. त्या अर्थाने डॉक्टरांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण म्हणून ब्रेल येत नाही असं होत नाही. पोलंडमध्ये डोळस प्रौढांना नऊ महिने स्पर्शाने ब्रेल वाचायला शिकवलं. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. त्यातली बहुतेक माणसं वाचायला शिकली, आणि छापील शब्द ओळखणारा मेंदूचा भाग त्यांच्या ब्रेल वाचनातही सामील झालेला दिसला. तिथे चुंबकीय झटका दिल्यावर वाचनात चुका झाल्या. मामांना आयुष्यभराचं छापील वाचन आहे, तो भाग त्यांच्याकडे तयार आहे.

सांगलीचा सदा

निरंजनाताई, मी स्वतः पंचविशीत दृष्टी गमावली. हा प्रतिसादही स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर लिहितोय. माझं मत जरा वेगळं आहे.

उशिरा दृष्टी गेलेल्या माणसाची पहिली गरज चालणं ही असते. पांढरी काठी नीट वापरणं, घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने जाऊन येणं. दुसरी गरज फोन. टॉकबॅक, म्हणजे फोनमधला स्क्रीन रीडर, सफाईने यायला लागलं की बँक, बातम्या, पैसे पाठवणं सगळं आपल्या हातात येतं. मी आज नोकरी करतो त्यात ब्रेलचा काडीचा वाटा नाही. संगणकाचा आवाज मी इतका वेगात लावतो की शेजारी बसलेल्याला तो गोंगाट वाटतो, मला एकेक शब्द कळतो. हाही मेंदूतला बदलच ना? ब्रेल शिकू नये असं म्हणत नाही, पण आधी काठी, मग फोन, मग ब्रेल.

कोरांटी

सदा, क्रम मान्य. पण "काडीचा वाटा नाही" याला माझा विरोध आहे. मी अंध मुलींच्या शाळेत शिकवते. फक्त ऐकून शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन पाहा. ऱ्हस्व-दीर्घ, 'श' की 'ष', जोडाक्षरात कुठलं अक्षर आधी, हे कानाला नेहमी कळत नाही. बोटाला कळतं. शिवाय ऐकणं पुढे पळत असतं. एखाद्या ओळीवर थांबावं, मागे जावं, परत वाचावं, हे बोटाने जितकं सहज होतं तितकं आवाजाने होत नाही. मामा जे म्हणाले, दुसऱ्याच्या आवाजाचा कंटाळा आला, ते आमच्या मुलीही म्हणतात.

प्रौढांना शिकवताना मला जे दिसलं ते लिहिते. नवशिका ठिपक्यावर बोट दाबून धरतो. दाबलं की उलट कमी कळतं. ठिपके हालचालीत कळतात, म्हणून बोट हलकं ठेवून डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचं, वर-खाली घासायचं नाही. दोन्ही हात वापरायचे. उजवा ओळ संपवत असतो तेव्हा डाव्याने पुढची ओळ शोधून ठेवायची. आधी नुसत्या ओळी बोटाने धरायचा सराव, मग अक्षरं.

मामांना मधुमेह आहे का? असेल तर बोटांची संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल तर मोठ्या ठिपक्यांच्या ब्रेलने सुरुवात करता येते. आमच्याकडे काही जण संवेदना बोथट झाल्यामुळे मागे पडले, आणि खापर मात्र वयावर फुटलं.

निरंजना

कोरांटीताई, मधुमेह आहे, पण आटोक्यात आहे. तपासून घेतो. सदा, तुमचा क्रम मामांना वाचून दाखवला, काठीचा मुद्दा त्यांना पटला. काठी घेऊन बाहेर जायला ते अजून लाजतात.

सांगलीचा सदा

@निरंजना, लाजणं सगळ्यांचं होतं. सोबत दृष्टी गेलेला दुसरा माणूस असला की लवकर जातं. त्यांना हवं असेल तर मी फोनवर बोलेन.

@कोरांटी, शुद्धलेखनाचं मान्य. लहान मुलांना ब्रेल हवंच, त्याबद्दल वादच नाही.

शर्वरी न्यू जर्सी

थोडं अवांतर. आमच्या इथल्या मराठी घरांत 'ळ' हा मोठा विषय आहे. आजी फोनवर "बाळा" म्हणते आणि नातू "बाला" म्हणतो. ट आणि त मधला फरकही कित्येक मुलांना कळत नाही. हा आळस नसतो. वर्कर आणि टीस यांचा १९८४ चा प्रयोग आहे, त्यात हिंदीतला 'ट' आणि 'त' इंग्रजी घरातल्या बाळांना ऐकवला होता. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांपर्यंत बहुतेकांची ती ओळख गेलेली होती. ज्या आवाजांची घरात गरज नाही, त्यातला फरक कान पहिल्या वर्षातच सोडून देतो.

म्हणून मी सगळ्या नव्या आईबाबांना सांगते, बाळ बोलायला लागल्यावर मराठी सुरू करू म्हणून थांबू नका. पाळण्यातच बोला.

गोदाकाठ

शर्वरी, +१. पण मोठेपणी ते परत येतच नाही असंही नाही. आमच्या गल्लीत एक जपानी विद्यार्थिनी राहायची, तिला कान देऊन शिकवल्यावर 'ळ' बऱ्यापैकी यायला लागला. वेळ फार लागला, एवढं मात्र खरं.

हडपसर एक्सप्रेस

मेंदू बदलण्यावर चर्चा आणि अजून लंडनच्या टॅक्सीवाल्यांचा उल्लेख नाही! तिथे काळी टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात. एलेनोर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा) मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो.

आमच्या लोकलच्या दारात उभं राहणाऱ्यांचाही मेंदू कोणीतरी मोजा. कुठलं स्टेशन कुठल्या हाताला येतं ते त्यांना झोपेतही सांगता येतं.

हेमांगी क.

@हडपसर एक्सप्रेस, पण ज्यांचा तो भाग आधीपासून मोठा आहे तेच टॅक्सी चालवायला जात असतील तर?

हडपसर एक्सप्रेस

त्यासाठीच त्यांनी पुढे शिकाऊ चालकांना सुरुवातीपासून तपासलं. ७९ जण होते, त्यातले ३९ पास झाले. सुरुवातीला सगळ्यांचे मेंदू सारखेच होते. शेवटी वाढ दिसली ती फक्त पास झालेल्यांमध्ये. हे २०११ चं काम. बसचालकांशीही तुलना केली होती. ते तेवढेच तास गाडी चालवतात, पण ठरलेल्या मार्गावर, आणि त्यांच्यात ही वाढ नव्हती. म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरून काही होत नाही.

तंतुवाद्य

यातला एक भाग नेहमी गाळला जातो. टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग इतरांपेक्षा लहान आढळला आणि काही नव्या गोष्टी लक्षात ठेवण्यात ते मागे पडले, उदाहरणार्थ गुंतागुंतीची आकृती थोड्या वेळाने आठवून काढणं. वाढ फुकट मिळत नाही. सराव सोडला तरी फरक पडतो. २००४ मध्ये प्रौढांना तीन चेंडू झेलत फिरवायला शिकवलं, तेव्हा तीन महिन्यांत हालचाल टिपणाऱ्या भागात वाढ दिसली. सराव थांबवल्यावर ती पुन्हा उतरली.

वेदमूर्तींचा नातू

आपल्याकडचंही एक काम आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ वैदिक पंडितांचे मेंदू तपासले होते, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. लहानपणापासून हजारो शब्दांची संहिता मुखोद्गत केलेली माणसं. भाषा, स्मृती आणि दृश्य आकलनाशी संबंधित बऱ्याच भागांत करड्या द्रव्याचं (मज्जापेशी असलेल्या भागाचं) प्रमाण जास्त आढळलं, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही. माझ्या आजोबांचा घनपाठ (मंत्रातले शब्द पुढे-मागे फिरवून म्हणणं) ऐकलेला आहे, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही.

हेमांगी क.

हे काम मी वाचलंय आणि मला ते आवडलं. पण यावरून "संस्कृतमुळे मेंदू वाढतो" असे जे संदेश फिरतात ते थांबायला हवेत. ही तुलना एकाच वेळी घेतलेली आहे, टॅक्सीवाल्यांसारखी आधी-नंतर नाही. पाठांतरामुळे वाढ झाली की मुळात तशी मुलं पाठशाळेत टिकली, ते यातून ठरत नाही. शिवाय पाठांतर, श्वास, लय, वर्षानुवर्षांची शिस्त, हे सगळं एकत्र आहे. भाषेचा वाटा वेगळा काढलेला नाही.

वेदमूर्तींचा नातू

मान्य. आजोबाही म्हणायचे, भाषेपेक्षा संथा, म्हणजे गुरूमागे म्हणून केलेलं पाठांतर, महत्त्वाची. रोज, न चुकता.

कळंबचा पालक

एक विचारायचं होतं. आमच्या गावात मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनचे वर्ग निघालेत. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, रंग ओळखतात. फी भरपूर आहे. वर तंतुवाद्य यांनी लिहिलंय की स्पर्श पाहण्याच्या भागात जातो, म्हणजे हे खरं असू शकतं का?

तंतुवाद्य

नाही. पैसे देऊ नका.

मध्यमेंदू डोळ्यांच्या हालचाली, आवाजाकडे मान वळणं अशी कामं सांभाळतो. तिथल्या काही पेशी मेल्या की कंपवात होतो. जिवंत माणसाचा मध्यमेंदू सुरूच असतो, तो कोणी सुरू करून द्यावा लागत नाही. आणि गुळगुळीत छापील कागदावरची शाई बोटाला जाणवत नाही, मेंदू कितीही बदलला तरी. मुलं पट्टीखालून, नाकाच्या बाजूच्या फटीतून बघतात. पुस्तक डोक्यामागे धरायला सांगा, लगेच कळेल. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी या वर्गांना जाहीर आव्हानं दिली आहेत.

मला याचा मनापासून राग येतो. त्या मुलांना कळत असतं की आपण बघतोय, आणि आईवडिलांना खूश ठेवण्यासाठी ती ते लपवतात.

कळंबचा पालक

धन्यवाद. मुलीला विचारलं तर ती रडायला लागली, वर्गात "फटीतून बघितलं तरी चालतं" असं तिला सांगितलं होतं. नाव काढून घेतलं.

कोरांटी

मुलीला रागावू नका हो.

फिजिओ पल्लवी

अर्धांगवायूचे रुग्ण रोज पाहते, म्हणून लिहिते. वाढलेल्या वयात मेंदू बदलतो याचा पुरावा मला माझ्या टेबलावर दिसतो. एडवर्ड टॉब यांनी मांडलेली पद्धत आहे: चांगल्या हाताला मिट (जाड हातमोजा) घालून अडकवायचं आणि अधू हातानेच रोज तासन् तास काम करायला लावायचं. डबा उघडणं, नाणी उचलणं, टॉवेल घडी करणं. २००६ मध्ये २२२ रुग्णांवरची चाचणी आली, अर्धांगवायूचा झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले रुग्ण होते, आणि फायदा वर्षभरानंतरही टिकला. सगळ्यांना ही पद्धत लागू पडत नाही, मनगट आणि बोटांत थोडी तरी हालचाल लागते.

आपल्याकडची अडचण घरातली माया. "बाबा, राहू दे, मी भरवते." हात हलायची संधीच मिळत नाही. मग न वापरलेला हात मेंदूच्या हिशेबातून निघत जातो. निरंजना, मामांच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. चहाचा कप त्यांच्या हातात आणून देण्याऐवजी तो कुठे आहे ते सांगा.

मुळशीकर

जागा धरली होती ती आता वापरतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे, तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून साठीच्या पुढच्या आज्या अक्षर ओळख करून घ्यायला लागल्या. कितीतरी जणी सही करायला लागल्या, अंगठा सुटला. त्यांच्या मेंदूचा स्कॅन कोणी काढला नसेल, पण अक्षर बसलं.

तंतुवाद्य

@मुळशीकर, सुरेख आठवण. देवनागरीचा असा अभ्यास उत्तर प्रदेशात झाला आहे. लखनऊजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक तिशीतल्या बायका होत्या, सहा महिने वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर स्कॅन केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात थॅलॅमससारख्या खोलवरच्या भागांचा दृश्य भागाशी असलेला ताळमेळ वाढलेला दिसला.

आणि जन्मापासून मोतीबिंदू असलेली आपल्याकडची मुलं. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी दिल्लीत प्रकल्प प्रकाश सुरू केला, त्यात अशा मुलांची शस्त्रक्रिया करून पुढे त्यांना काय दिसतं याचा पाठपुरावा केला जातो. ह्यूबेल-वीझेलच्या मांजरांवरून पाहिलं तर ८-१० वर्षांनंतर डोळे उघडून काही उपयोग नाही असंच वाटलं असतं. पट्टी काढल्यावर त्या मुलांना हाताने ओळखलेली वस्तू नजरेने ओळखता येत नव्हती. काही दिवसांत यायला लागली. नजरेची तीक्ष्णता पूर्ण येत नाही, बारीक तपशील कायमचे अस्पष्ट राहतात, पण माणसं, वस्तू, रस्ता ओळखण्याइतकं पुष्कळांना जमतं.

निरंजना, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. काही गोष्टींची दारं लहानपणी बरीचशी मिटतात, नजरेची तीक्ष्णता किंवा परक्या भाषेतले आवाज यांसारखी. वाचायला शिकणं त्यात येत नाही. वेग मात्र वेगळा राहील. लहानपणापासूनचा सराईत वाचक ब्रेल मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द वाचतो, मामांनी तिथे पोचायची अपेक्षा ठेवू नये. स्पर्शाची तीक्ष्णता वयानुसार कमी होते, हे डोळसांमध्ये दिसतं. ब्रेल नियमित वाचणाऱ्या वयस्कांमध्ये ती टिकलेली आढळली आहे.

निरंजना

सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना पूर्ण धागा वाचून दाखवला. बोटांची संवेदना तपासली, ठीक आहे. सदांशी त्यांचं फोनवर बोलणं झालं, रविवारी काठी घेऊन दोघं बाजारात जाणार आहेत. ब्रेलची पाटी आणि मोठ्या ठिपक्यांचा तक्ता मागवला. पहिल्या आठवड्यात त्यांना सगळी अक्षरं सारखीच लागत होती आणि ते चिडत होते. आता 'क' ओळखतात, वरचा आणि खालचा असे डावीकडचे दोन ठिपके. मामेभाऊ विरोध करत होता, तोच आता रात्री डोळे मिटून त्यांच्यासोबत तक्त्यावर बोट फिरवतो.

अजून एक विचारायचं आहे. वेलांटी कशी असते? छापील वाचनाच्या सवयीने मामा पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी शोधतात आणि गोंधळतात.

कोरांटी

भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, स्वरचिन्ह नेहमी व्यंजनाच्या नंतर येतं, पहिली असो की दुसरी. 'कि' म्हणजे आधी 'क', मग 'इ'. उच्चाराचाच क्रम. छापील सवय असलेले सगळे तिथे अडखळतात, शिकवताना ते आधीच सांगून टाकायचं. पाटीवर लिहिताना मात्र उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं, कारण ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. ते आत्ताच सुरू करू नका, वाचन बसू दे.

वाचायला 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघतं, त्याची चौकशी करा. सहा महिन्यांनी एखादं पान लागायला लागेल.

सांगलीचा सदा

आणि ब्रेल साहित्याच्या साध्या टपालाला पोस्ट पैसे घेत नाही. पाकिटावर तसं लिहून काउंटरवर द्यायचं, ब्रेल आहे हे तपासता यावं म्हणून पाकीट न चिकटवता. काउंटरवर माहीत नसेल तर पोस्टमास्तरांना भेटा. माझ्याकडे दोन जुनी प्राथमिक पुस्तकं पडून आहेत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सोमवारी टाकतो.